पाठमोरा आरसा

१

केस ओले असतानाच कपाळाच्या मध्यावर करंगळी टेकवायची, ती न उचलता टाळूपर्यंत ओढत न्यायची आणि मग त्या रेघेवरून फणी फिरवायची. नेमीचा रोज सकाळचा भांग असा पडायचा, आरशाशिवाय. रोज तिला वाटायचं, आज अगदी सरळ आला. आणि रोज दुपारी नणंद दारात चपला काढता काढता तिच्या डोक्याकडे बघायची.

"वहिनी, हा भांग आहे की घाटरस्ता? दुसऱ्याच वळणावर मला गाडी लागली."

"मला कुठे कुणाला दाखवायचाय?"

"तू नको दाखवूस. आम्हाला बघावा लागतो ना."

नणंद शाळेत गणित शिकवायची. शाळा सकाळची आणि घर वरच्याच मजल्यावर, त्यामुळे दुपारचा चहा वहिनीकडे ठरलेला. 'नेमी' हे नावही तिनेच ठेवलेलं, वहिनीच्या नेमांवरून. कधी एक वेळचं जेवण, कधी दिवस मावळेपर्यंत मौन, कधी कुणाच्या तापासाठी गोड बंद. ताप उतरायचाच. तो औषधाने उतरला की नेमाने, यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही आणि कधी भांडणही झालं नाही. नेमीचं म्हणणं साधं होतं. मागायला जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नये, आपल्या आवडीचं काहीतरी त्या हातांत असावं.

या वेळी तिने आरसा सोडला होता.

मधल्या बोळात माणसाच्या उंचीचा आरसा होता. संसार मांडताना तिने हट्टाने घेतलेला. येता-जाता त्यात डोकावल्याशिवाय तिचं पाऊल पुढे पडत नसे; पदार्थ करपला तरी चालेल, पण बट कानामागे गेली पाहिजे. तोच आरसा आता भिंतीकडे तोंड करून उभा होता, वर्गात शिक्षा झालेल्या मुलासारखा. त्याची तपकिरी पाठ तेवढी घराला दिसायची.

हे सगळं नवऱ्याच्या हसण्यासाठी.

नवऱ्याला डेपोत सगळे उस्ताद म्हणायचे. लांब पल्ल्याचा ट्रक चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण पाठीच्या मणक्याने दगा दिला, डॉक्टरांनी चाक कायमचं सोडायला सांगितलं आणि डेपोने त्याला सुट्या भागांच्या खोलीत बसवलं. आता तो दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी पट्टे आणि फिल्टर काढून द्यायचा. तक्रार केली नाही, चिडला नाही. फक्त हसायचा थांबला. आणि त्याचं हसणं म्हणजे काय, तर गारठ्यात उभा राहिलेला ट्रक सुरू व्हावा तसं. आधी खर्र, मग पुन्हा खर्र, आणि मग एकदा पेटलं की अख्खा मजला हलायचा. ते बंद पडल्यापासून घर कसं गॅरेजमध्ये लावून ठेवल्यासारखं झालं होतं.

'हे पोट धरून हसेपर्यंत आरशात बघणार नाही.' नेमीने हात जोडून सांगितलं, आणि आरसा फिरवला.

२

पण नुसता नेम धरून बसणाऱ्यांतली ती नव्हती. देवाने दार उघडावं, उंबरा आपणच ओलांडायचा, असं तिचं म्हणणं असे.

उस्ताद जेवण झालं की मोबाइलवर ट्रक चालवायचा खेळ खेळायचा. मोबाइल जुना. वळण आलं की चित्र अडकायचं, आणि सुटेपर्यंत ट्रक दरीत. मग तो मोबाइल पालथा घालून भिंतीकडे बघत बसायचा. एकदा ताटं उचलताना नेमीला टेबलाखाली त्याचा उजवा पाय दिसला. वळणाआधी तो फरशी दाबत होता, हळूहळू, अंदाज घेत. ब्रेक.

त्या पायाने तिला झोप लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नणंदेला विचारलं, "हा खेळ न अडकता कशावर चालतो गं?"

"चांगल्या कॉम्प्युटरवर. पण तयार घ्यायला गेलीस तर डोळे पांढरे होतील."

"आणि घरी केला तर?"

नणंदेने कप खाली ठेवला. "वहिनी, ते लोणचं नाही."

"लोणचंही मला कुणी शिकवलं नव्हतं."

शिवणाचे साठवलेले पैसे घेऊन दोघी सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानदार जाड चष्म्याचा, बोलका माणूस.

"कुणासाठी? मुलासाठी?"

"नवऱ्यासाठी."

त्याने चष्मा वर केला. "बाई, माझ्याकडे बायका नवऱ्याचा कॉम्प्युटर विकायला येतात. बसा, तुम्हाला थंड पाणी देतो."

तो मनापासून मदतीला लागला. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं चालेल, पण तपासून देईन, म्हणाला. वीज पुरवणारा डबा मात्र नवा आणि चांगला घ्या, तो स्वस्तातला घेतलात तर जाताना बाकीच्यांनाही घेऊन जाईल. रंगीत दिव्यांचे पंखे त्याने लावून दाखवले, तेव्हा नेमी म्हणाली, "दिवे नकोत. गाडी पळाली पाहिजे."

"हिशोबी आहात."

"ती नाही, मी आहे," नणंद म्हणाली. "ती श्रद्धाळू आहे. तिला वाटतं हे सगळं चालू होणार."

खेळाला जोडायचं गाडीचं चाक, पायाने दाबायचे ब्रेक-अॅक्सिलरेटरचे दोन दट्टे आणि कॉम्प्युटरचा एक जुना पडदा एका कोपऱ्यात धूळ खात पडले होते, तेही मिळाले. सगळं मावेल असं कॅबिनेट एकच होतं, एका बाजूला काळपट काच असलेलं.

"काचेचंच का?" नेमीने विचारलं.

"आतलं दिसावं म्हणून, बाई. हल्ली सगळ्यांना आतलं बघायचं असतं."

३

उस्ताद कामावर गेला की जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरली जायची आणि तो यायच्या आत सगळं शिवणाच्या कपाटात जायचं. दोघींना त्या चोरटेपणाचं इतकं हसू यायचं, की दोन शाळकरी पोरी आंबे पाडायला निघाल्यात असं वाटावं.

नणंद मोबाइलवर माहिती बघून मोठ्याने वाचायची, नेमीचे हात चालायचे. आधी धातूला हात लावून अंगातली वीज उतरवायची. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण खालच्या त्रिकोणावर आणायचा आणि जोर न लावता सोडायचा.

"वरून मलम लावायचं. वाटाण्याएवढं."

"ओला की सुका वाटाणा?"

नणंदेने मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. "हे यांनी दिलेलं नाही."

नेमीने हाताच्या अंदाजाने थेंब सोडला. रॅमच्या पट्ट्या दाबल्या, तेव्हा दोन्ही टोकांना कट् कट् आवाज झाला. डब्याचं झाकण नीट बसल्याचा असतो तसाच. तो ऐकून ती सुखावली.

कॅबिनेटची काच काढून त्यांनी समोरच्या खुर्चीवर उभी केली होती. पहिल्याच दिवशी नणंद म्हणाली होती, "यात तू दिसतेस. नेम मोडला का तुझा?"

"नेम आरशाचा आहे. ही काच आहे."

"पळवाट काढायला वकील ठेवलायस?"

तेव्हापासून नेमी काचेकडे बघताना डोळे खालीच ठेवायची. काचेत तिला स्वतःचे हात तेवढे दिसायचे, कोपरापर्यंत. रॅम बसवली त्या दिवशी एक बारीक स्क्रू बोटांतून निसटला आणि खुर्चीखाली गेला. तो उचलायला ती वाकली, आणि वाकता वाकता डोळे काचेवर गेले. चेहरा दिसला नाही. मान खाली होती, त्यामुळे दिसलं ते डोकं.

भांग सरळ होता, ओळंबा लावून आखल्यासारखा.

नेमी तशीच वाकलेली राहिली. मग तिने हात वर नेला आणि बोटाने भांग चाचपला. कपाळापासून थोडा नीट, मग डावीकडे, मग परत उजवीकडे, टाळूपाशी पुन्हा डावीकडे.

"सापडला का?" नणंदेने विचारलं.

"काय?"

"स्क्रू गं."

"हो," नेमी म्हणाली, आणि उठताना खांद्यावरचा पंचा तिने काचेवर टाकला. धूळ बसू नये म्हणून.

४

रात्री भाजी चिरताना ती स्वतःशीच वाद घालत होती. आरशात डावं उजवं होतं, हे लहान मूलही जाणतं. पण वाकडं सरळ होतं का? काच काळपट आहे. ओझरतं दिसलं. केस घामाने चिकटले असतील. कारणं भराभर मिळत होती. दुकानात एक मागावं आणि दुकानदाराने दहा काढून ठेवावीत, तशी. त्यांतलं एकही तिच्या मापाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नणंदेची शाळा सुटायची होती. नेमी एकटीच होती. टेबलापाशी बसून ती तारा वेगळ्या करत होती, घर शांत होतं, खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आणि बोळातून फणीचा आवाज आला.

फणीचा आवाज बाईमाणसाला ओळखावा लागत नाही. लांब केसांतून वरून खाली, मध्ये गुंता, तिथे थांबणं, गुंता हलक्या हाताने सोडवणं, मग पुन्हा खाली. नेमी ऐकत राहिली. गुंता सोडवायची ती पद्धत तिची होती. आई ओढून विंचरायची म्हणून लहानपणी लागलेली सवय, खालून धरून, दोन बोटं वर दाबून.

ती उठून बोळात गेली. आरसा भिंतीला टेकून उभा होता. तपकिरी पाठ, कोपऱ्यात जाळं. भिंत आणि काच यांच्यामध्ये बोटभर फट. आवाज थांबला होता. थांबलेल्या आवाजानंतर जशी शांतता असते, तशी होती, म्हणजे पलीकडचंही माणूस कान देऊन उभं असावं तशी.

फटीत डोळा लावला असता तर काहीतरी दिसलं असतं. नेमीने नाही लावला. तिने आरशाच्या पाठीवर तळवा ठेवला, तापलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि तिथलं जाळं पुसून टाकलं.

"थोडंच राहिलंय," ती हळू आवाजात म्हणाली. कुणाला म्हणाली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

५

सगळं जोडून झालं. पडद्याची तार लावली. नणंदेने चहाचे कप भरून आणले, नेमीने हात जोडले आणि बटण दाबलं.

पंखे फिरले. पडदा काळाच.

पुन्हा दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा.

"रॅम काढून घालू," नणंद म्हणाली. काढली, घातली. कार्ड काढून घातलं. पडदा काळा. कपाटात दडवलेला आनंद आता कपाटातच राहणार, असं वाटून गेलं. उद्या उस्तादची सुट्टी होती, आणि उद्याच द्यायचं ठरलं होतं. गडबडीत नणंदेच्या कोपराने कप लवंडला. चहा टेबलावरून पसरत मदरबोर्डाकडे निघाला.

"पंचा! पंचा दे!" म्हणत नणंदेने खुर्चीवरचा पंचाच ओढला, चहा अडवला, टेबल पुसलं, आणि तो पिळायला मोरीकडे पळाली.

काच उघडी पडली.

नेमीने डोळे खाली नेले, हातांपर्यंत. तिचे स्वतःचे हात मांडीवर होते, एकात एक गुंतलेले. काचेतले मांडीवर नव्हते. काचेतला एक हात कॅबिनेटच्या आत होता, वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागे, जिथे बोट जेमतेम शिरतं. त्याने एक जाड तार चिमटीत धरली होती आणि तो ती हळूहळू हलवत होता. भरवताना मुलाने बघावं म्हणून आपण चमचा हलवतो, तसा.

नेमी खुर्चीसकट मागे सरकली. पण तिची नजर काचेवरून निघाली ती थेट खऱ्या कॅबिनेटच्या कोपऱ्यात गेली. पंख्याच्या मागे एक जाड तार लोंबत होती. प्रोसेसरला वीज देणारी. ती जोडायची राहूनच गेली होती.

तिने ती बसवली. कट्.

नणंद ओला पंचा घेऊन आली, तेव्हा पडद्यावर पांढरी अक्षरं उमटत होती. "कसं काय? काय केलंस?"

"एक तार राहिली होती."

"मी दोनदा बघितलं होतं तिथे. तुला कशी दिसली?"

"दिसली," नेमी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, पण नणंदेने तो आनंदाचा धरला. तो निम्मा तसा होताही.

काच जागेवर बसवली. सांडलेल्या चहाच्या बदल्यात नवा करायला नेमी स्वयंपाकघरात गेली. नणंद टेबलापाशीच, कॅबिनेटच्या काचेकडे तोंड करून बसलेली. स्वयंपाकघरातून नेमीला तिचा आवाज ऐकू येत होता.

"दादाचा चेहरा बघण्यासारखा होईल बघ. आणि काय गं, आज भांग बरा पडलाय तुझा. हसतेस काय? खरंच सांगतेय."

"काय म्हणालीस?" नेमीने ओट्याजवळून विचारलं.

बाहेर खुर्ची मागे सरकली. नणंद स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तिने नेमीकडे बघितलं, नेमीच्या डोक्याकडे बघितलं, आणि वळून खोलीकडे बघितलं.

"तू कधी आलीस इकडे?"

"मगाशीच. पाणी उकळलंसुद्धा."

"हं," नणंद म्हणाली. "माझ्या चष्म्याचा नंबर वाढला वाटतं." आणि ती ओट्याला टेकून, वहिनीला अगदी चिकटून, चहा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

६

चहा पिताना नणंद एकदम म्हणाली, "फिरव तो आरसा."

नेमी बघत राहिली. एरवी नेम मोडायला नणंद थट्टेने सांगायची. आज थट्टा नव्हती.

"एकदाच बघ. सगळं जागच्या जागी आहे एवढं कळलं की झालं. मी शिकवते ना पोरांना, शंका आली की ताळा करा."

"तूच बघ मग."

"मी बघितलं तर मी दिसेन! मला माझा काय उपयोग?"

दोघींना हसू आलं, आणि ते आल्याबरोबर थोडं बरं वाटलं.

"नाही गं," नेमी म्हणाली. "आता मोडला तर उद्या यांनी हसायचं कशाच्या जोरावर?"

"दादा खेळाच्या जोरावर हसेल."

"तसंही असेल. पण मी तेवढ्यासाठी शब्द दिलाय. इतके महिने धरलं, एका दिवसासाठी सोडू?"

नणंद कपातल्या चहाकडे बघत होती. "आणि नेम फेडताना फिरवलास, आणि त्यात कुणी नसलं तर?"

हाच विचार नेमी दोन दिवस पदराआड दडवून फिरत होती. कुणीतरी तो असा टेबलावर मांडल्यावर तो आणखी मोठा दिसला.

"जाईल कुठे?" ती शेवटी म्हणाली. "माझ्यासारखी असेल तर घर सोडून जायची नाही."

आणि माझ्यासारखी नसेल तर, हे ती बोलली नाही. तिला वेगळंच काहीतरी टोचत होतं. नेम आपण धरला. पण भिंतीकडे तोंड करून इतके महिने उभं कोण राहिलं? तिला कुणी विचारलं होतं?

७

सुट्टीच्या सकाळी उस्ताद उशिरा उठला. टेबलावर चादरीखाली काहीतरी उंच झाकलेलं, आणि बायको आणि बहीण दोन्ही बाजूंना उभ्या, शाळेच्या नाटकातल्या द्वारपालांसारख्या.

"हे काय?"

"तुमची गाडी," नेमी म्हणाली.

नणंदेने चादर ओढली. उस्ताद बघत राहिला. त्याने आधी चाकाला हात लावला, मग काचेतून आत बघितलं.

"कुणी केलं?"

"हिने. मी नुसती वाचत होते, आणि एकदा चहा सांडला."

"तू?" त्याने नेमीकडे असं बघितलं, की नेमीला पुन्हा नव्याने लग्न झाल्यासारखं वाटलं. मग तो खुर्चीत बसला, पाठीमागे उशी नीट केली, पाय दट्ट्यांवर ठेवले. पडद्यावर ट्रक उभा होता, पुढे मोकळा रस्ता.

"चला की," नणंद म्हणाली.

"थांब. आधी आरसे." तो ट्रकचे डावे-उजवे आरसे जुळवत बसला. "मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय गाडी हलवायची नसते."

नेमीने पदराचं टोक मुठीत धरलं.

ट्रक हलला. अडकला नाही. वळण आलं, उस्तादचा पाय हळूहळू दबला, ट्रक वळणावरून असा वळला की पेल्यातलं पाणी हिंदकळू नये. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी तो लाल दिव्याला थांबला.

"अरे दादा, कुणी नाहीये! जा!"

"लाल आहे."

"खेळ आहे तो!"

"लाल आहे," उस्ताद म्हणाला. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं, पण हसू नव्हतं. त्याने माल उतरवायच्या धक्क्याला गाडी उलटी नेऊन एका दमात लावली, आणि हात चाकावरून काढले. हातांकडे बघत बसला. नेमीला वाटलं, आता हा रडणार. आपण सुखाच्या वाटेने नेता नेता याला दुःखाच्या दारात आणून उभं केलं.

"सरक," नणंद म्हणाली. "त्यात काय एवढं? कोनाचं गणित आहे. मी लावून दाखवते."

ती बसली. ट्रक मागे घेतला. चाक डावीकडे, मागचा डबा उजवीकडे. चाक उजवीकडे, डबा आणखी उजवीकडे. कुंपण गेलं. विजेचा खांब गेला. ट्रक उलटा, शांतपणे, कुठलीही घाई न करता पेट्रोलपंपात शिरला.

"मी नाही गेले," नणंद म्हणाली. "पंप आला."

खर्र.

दोघींनी मान वळवली. उस्तादचे खांदे हलत होते. खर्र, खर्र. मग पेटलं. तो एका हाताने पोट आणि एका हाताने पाठ धरून वाकला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "पंप आला!... अगं आई गं, पाठ... परत एकदा कर, परत..." वरच्या फळीवरची भांडी किणकिणली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं.

नेमी हसत होती आणि रडत होती. नणंदेने तिच्याकडे बघितलं. हसता हसताच तिने बोळाकडे मान हलवली.

८

बोळात हसण्याचा आवाज मागून येत होता, उबदार, भरून आलेला. त्याच्या आधाराने नेमी उभी राहिली. तिने हात जोडले. मग आरशाची चौकट दोन्ही हातांनी धरली, अलगद उचलली आणि फिरवली.

आरशात बोळ होता. बोळाच्या टोकाला खोलीचं दार, दारातून दिसणारं टेबल, खुर्चीत वाकून हसणारा नवरा, चाकावर पुन्हा झुकलेली नणंद. सगळं जागच्या जागी, स्पष्ट, थोडं धुळकट.

पुढे, जिथे नेमी असायला हवी होती, तिथे नुसती भिंत होती.

मागचं हसणं चालू होतं, ते ऐकत ती बघत राहिली. आणि मग आरशातल्या खोलीत, टेबलामागून, कुणीतरी उठलं. लगबगीने निघालं. नवऱ्याच्या खांद्याला जाता जाता हात लावला, आणि बोळातून येऊ लागलं, डोळे पुसत, धापा टाकत, घरी पाहुणे येऊन उभे असताना यजमानीण परसातून धावत यावी तसं. नेमीच्या समोर येऊन ती थांबली. तिनेही चौकटीला हात लावले, नेमीने लावले होते तिथेच. तिच्या श्वासाने काच आतून धुरकट झाली आणि हळूहळू निवळली.

किती दिवसांनी दिसत होता तो चेहरा. तोच. थोडा थकलेला, हसून हसून ओला. त्याच्यावर भांग, सरळ, ओळंब्यात.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. समोरचीची नजर नेमीच्या डोक्यावर गेली. एकदम काहीतरी ध्यानात आल्यासारखी ती ओशाळली. एक हात चौकटीवरून काढून तिने वर नेला, आणि करंगळीने घाईघाईने आपला भांग मोडला. थोडा डावीकडे, मग उजवीकडे, टाळूपाशी पुन्हा डावीकडे. मग हात परत जागेवर ठेवला.

नेमीचे दोन्ही हात चौकटीवरच होते.

"अगं, कुठे गेलीस?" आतून उस्तादने हाक मारली. आवाजात अजून हसू होतं. "ये लवकर. आता तुझी पाळी."

"आले," नेमी म्हणाली, आणि दोघी वळल्या. आधी कोण वळलं, ते तिने पाहिलं नाही.